चैत्रातली गॅलरी: कुंड्या, मोगरा आणि घरच्या मेणबत्त्या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पाडवा जवळ आला की बागेचे आणि मेणबत्त्यांचे प्रश्न एकदमच यायला लागतात. इथे त्यांची उत्तरं एकत्र दिली आहेत. माझी गॅलरी पुण्यातली आहे, पूर्वेकडे तोंड करून. तुमची पश्चिमेला असेल किंवा तुम्ही नागपूर-अकोल्याकडे राहत असाल, तर उन्हाबद्दल जे लिहिलंय ते थोडं कडक करून वाचा.

वसंतात बाग लावा म्हणतात, पण आपल्याकडे तेव्हा उन्हाळाच असतो ना?

असतो. पंचांगात चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, आणि पुण्यात एप्रिलमध्ये पारा 38 अंशांच्या आसपास असतो. झाडांचा वसंत त्याआधीच सुरू झालेला असतो. पळस आणि पांगारा फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलून जातात, कडुलिंबाला पाडव्याच्या सुमारास कोवळी पालवी आणि मोहर असतो, कढीपत्त्याला नवे फुटवे येतात. म्हणून कुंड्या बदलणं, मुळं मोकळी करणं, खत घालणं ही सगळी कामं पाडव्याच्या आत उरकावीत. एप्रिलच्या मध्यावर झाड उपटून दुसऱ्या कुंडीत लावलं तर ते बसतं ते जूनपर्यंत बसूनच राहतं.

परदेशी व्हिडिओ पाहून मार्चमध्ये पिटुनिया, पॅन्झी किंवा फ्लॉक्सचं बी पेरू नका. त्यांच्याकडचा वसंत म्हणजे आपल्याकडची थंडी. ही फुलं आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायची. आत्ता लावायची तर सदाफुली, चिनी गुलाब (कोणी त्याला ऑफिस टाइम म्हणतं), जास्वंद आणि मोगरा.

बागकाम आणि मेणबत्त्या हे दोन छंद एकत्र का?

वेळेचं गणित जुळतं म्हणून. या दिवसांत बागेत सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतरच हात घालता येतो. मधल्या वेळात घरात बसून करण्याजोगं काम मेणाचं. शिवाय दोन्हींचं फळ एकाच वेळी मिळतं: ऊन उतरलं, फरशीवर पाणी मारलं, मोगरा उमलायला लागला की एक ज्योत लावायची. लोडशेडिंग असेल त्या गावात तर ही चैन राहत नाही, गरजच असते.

एकच झाड ठेवण्याइतकी जागा आहे. कोणतं ठेवू?

मोगरा. पाच-सहा तास थेट ऊन येत असेल तर दुसरा विचारच करू नका. बटमोगरा गोल, घट्ट, भरगच्च पाकळ्यांचा असतो. मदनबाणाची कळी लांब आणि टोकदार. साधा एकेरी मोगरा दिसायला किरकोळ वाटला तरी फुलतो मात्र मनापासून. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालात तर हडपसर सोडल्यावर लोणी, उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. रोप घेताना कळ्या मोजत बसू नका, बुडापासून फांद्या किती फुटल्यात ते बघा. एका काठीवर उंच वाढलेल्या, वर तीन फुलं असलेल्या रोपापेक्षा खालून चार फांद्या आलेलं बुटकं रोप केव्हाही चांगलं.

कुंडी 10 ते 12 इंची. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) साधारण समभाग, वर मूठभर निंबोळी पेंड. गॅलरीत 12 इंची कुंड्यांची रांग लावणार असाल तर वजनाचा विचार आधी करा: ओली माती भरलेली एक कुंडी 25 किलोच्या घरात जाते. कठड्यावर तर ठेवूच नका. मिश्रणात वाळलेला पालापाचोळा जास्त वापरला की ओझं निम्म्यावर येतं. कमी मातीत, पाल्यापाचोळ्यावर भाज्या पिकवण्याचा पाठ श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने (शेतीत स्वतः प्रयोग करून पाहणाऱ्यांच्या गटाने) महाराष्ट्राला कधीचाच दिलाय, आपणच तो विसरून मातीची पोती वर चढवत बसतो.

मोगऱ्याला पानं भरपूर आहेत, कळी एकही नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट असते.

पहिली, ऊन कमी. दोन तासांच्या उन्हावर मोगरा जगतो, पण फुलत नाही.

दुसरी, छाटणी झालेली नाही. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात. जानेवारीच्या अखेरीस पाणी थोडं तोडायचं, झाडाला जरा ताण द्यायचा, मग सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) फांद्या निम्म्या-अर्ध्या छाटायच्या, उरलेली जुनी पानं खुडायची, आणि त्यानंतर खत-पाणी सुरू करायचं. मार्चमध्ये फुटवे येतात ते कळ्या घेऊनच. छाटणी राहून गेली असेल तर आता एवढी मोठी कापाकाप नको. फक्त प्रत्येक फांदीचं टोक दोन पेरं खाली खुडा. पहिला बहर ओसरला की पुन्हा तसंच करा. फूल गळून गेलेलं देठ फांदीवर राहू दिलं तर ती फांदी तिथेच थांबते.

तिसरी, युरिया. मूठभर युरियाने झाड हिरवंगार होतं आणि घरातले खूश होतात, पण ती सगळी पानंच. आत्ता द्यायचं तर शेणखताचं पाणी किंवा पातळ केलेलं जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं पातळ खत), पंधरा दिवसांनी एकदा.

पाणी रोज दोनदा घालावं का?

कुंडीवर अवलंबून आहे, घड्याळावर नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तर घाला, ओलं असेल तर झारी खाली ठेवा. मातीच्या कुंडीतलं पाणी भिंतीतून उडतं, म्हणून तिला रोज लागेल, कधी दोनदाही. प्लॅस्टिकच्या कुंडीला बऱ्याचदा एकदा पुरतं. भर दुपारी झाड मान टाकतं ते प्रत्येक वेळी तहानेनं असं नाही. संध्याकाळी ते आपोआप उभं राहिलं तर मुळांशी पाणी आहे. त्याच वेळी घाबरून बादली ओतली की मुळं कुजतात, आणि कुजलेल्या मुळांचं झाडही मान टाकतं, मग माणूस अजून पाणी घालतो.

मातीवर दोन इंच आच्छादन करा: वाळलेली पानं, नारळाच्या शेंड्या, उसाचं पाचट, जे मिळेल ते. या एका गोष्टीने पाणी जेवढं वाचतं तेवढं ठिबकच्या नळ्या लावूनही गॅलरीत वाचत नाही, असं माझं मत आहे. ताटल्यांत साचलेलं पाणी मात्र आठवड्यातून एकदा तरी ओतून घासा, डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो.

एसीचं आणि आरओचं टाकाऊ पाणी चालेल?

एसीचं चालेल, त्यात क्षार जवळपास नसतात. आरओने टाकलेल्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ते रोज कुंडीला घातलं तर मातीवर पांढरी पापडी धरते आणि पानांच्या कडा करपतात. त्याने फरशी पुसा.

आत्ता कोणत्या भाज्या येतील?

भेंडी, गवार, चवळी, काकडी, लाल माठ. माठ 25-30 दिवसांत खुडायला येतो आणि भेंडी दीड-दोन महिन्यांत, त्यामुळे घाई असलेल्यांनी माठच लावावा. पालक-मेथीचा हट्ट नको. कोथिंबीर हवीच असेल तर धने चपलेखाली हलके रगडून दोन फोडी करा आणि मोगऱ्याच्या कुंडीच्या सावलीत पेरा. पुदिना बाजारातल्या जुडीतलाच, दोन काड्या पाण्यात ठेवून.

पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि खालून जाळी दिसते आहे.

लाल कोळी. कोरड्या उन्हाळ्यात तो येतोच, विशेषतः भिंतीला चिकटून ठेवलेल्या कुंड्यांवर. पांढऱ्या कागदावर पान झटका, हलणारे कण दिसतील. औषधाआधी पाणी: पानांच्या खालच्या बाजूला जोराची फवारणी तीन-चार दिवस सलग. तरी गेला नाही तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब, नीट ढवळून, सूर्य मावळल्यावर. उन्हात तेल फवारलं तर पानं भाजतात.

आता मेणाकडे. पहिल्यांदा करतोय, कोणतं मेण घेऊ?

तीन पर्याय आहेत.

पॅराफिन (खनिज तेलापासूनचं नेहमीचं मेण): सगळीकडे मिळतं, पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत लाद्या मिळतात. 58-60 अंशांना वितळणारं मागा. साच्यातली, स्वतःच्या पायावर उभी राहणारी मेणबत्ती करायची असेल तर यात दहा टक्क्यांपर्यंत स्टिअरिक अ‍ॅसिड घाला, म्हणजे अर्धा किलोला 50 ग्रॅम. मेण कडक होतं आणि साच्यातून सुटतं.

सोया (सोयाबीनच्या तेलाचं मेण): मऊ असतं, पेल्यात किंवा कुंडीत ओतायला चांगलं. साधारण 50 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून आपल्या उन्हाळ्यात ते भांड्याशिवाय उभं करू नका.

मधमाशांचं मेण: महाग, पण 62-64 अंशांना वितळतं, उन्हाळ्यात तग धरतं आणि स्वतःचा मंद मधाळ वास असतो. महाबळेश्वरच्या बाजूला मधाबरोबर चौकशी करा. तिथलं मांघर हे गाव 2022 साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. ईस्टरच्या आदल्या रात्री वसई-गोव्याच्या चर्चमध्ये पेटवतात त्या पास्काच्या मोठ्या मेणबत्तीतही परंपरेने मधमाशांचंच मेण असतं.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्या खेपेला पॅराफिन, दुसऱ्या खेपेला सोया. मधमाशांचं मेण हात बसल्यावर.

किती मेण लागेल ते असं काढा: भांड्यात पाणी भरून मोजा, जितके मिली येतील त्याच्या नव्वद टक्के ग्रॅम मेण. 200 मिलीच्या पेल्याला 180 ग्रॅम.

मेण गॅसवर थेट वितळवलं तर?

नको. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात स्टीलचं छोटं भांडं, त्यात मेणाचे तुकडे. पाण्यामुळे मेण शंभरच्या वर जात नाही. थेट आचेवर ते कधी तापून धूर सोडायला लागतं ते कळत नाही, आणि मेणाला उकळी फुटत नसल्यामुळे आधी काही इशाराही मिळत नाही. पेट घेतलाच तर गॅस बंद, झाकण घट्ट ठेवायचं, आणि पाणी अजिबात टाकायचं नाही. उकळत्या तेलात पाणी पडल्यावर जे होतं तेच होईल. झाकण म्हणूनच सुरुवातीपासून ओट्यावर हाताशी असू द्या.

भांडं, चमचा, गाळणं हे सगळं मेणाचंच वेगळं ठेवा. सांडशीची पकड सैल असेल तर आधी ती बदला. मुलं मदतीला असतील तर त्यांना वाती कापायला द्या, ओतायला नको. पंखा बंद करून काम करायचं असल्याने हे काम सकाळी लवकर केलेलं बरं.

वात कशी निवडायची? देवाची फुलवात चालत नाही का?

फुलवात तेला-तुपासाठी. मेणबत्तीला विणलेली सुती वात लागते, तळाशी पत्र्याची चकती असलेली. भांड्याच्या व्यासाप्रमाणे जाडी बदलते, आणि इथे दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. एकाच मापाचे तीन पेले भरा, तिन्हीत वेगळी वात लावा, जाळून पाहा. तीन इंची पेल्यात तीन तासांत वितळलेलं मेण कडेपर्यंत पोहोचलं तर वात बरोबर. मध्येच विहीर पडून कडेला मेण उभं राहिलं तर वात बारीक. काजळी धरली आणि ज्योत नाचायला लागली तर जाड, किंवा लांब. प्रत्येक वेळी लावण्याआधी वात पाऊण सेंटीमीटरच्या आत कापा. पहिल्यांदा लावाल तेव्हा मेण कडेपर्यंत वितळेस्तोवर विझवू नका, नाहीतर पुढे प्रत्येक वेळी ती तेवढ्याच गोलात जळत राहते.

मोगऱ्याची फुलं वितळलेल्या मेणात घातली तर मेणबत्तीला मोगऱ्याचा वास येईल का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर नाही असंच आहे.

ताज्या फुलात पाणी असतं. गरम मेणात ते तडतडतं, पाकळ्या तपकिरी होतात आणि वास शिजलेल्या भाजीकडे झुकतो. सुकवलेली फुलं घातली तर दिसायला छान, पण ज्योत खाली पोहोचली की प्रत्येक पाकळी ही दुसरी वात. दुकानात दिसणाऱ्या, वरून गुलाबपाकळ्या पेरलेल्या मेणबत्त्या बघाव्यात, पेटवू नयेत.

मुळात मोगरा वाफेला आणि आचेला वास सहज देत नाही. खुडल्यानंतरही कळी कित्येक तास सुगंध तयार करत राहते, आणि जुन्या पद्धती या स्वभावावरच बेतलेल्या आहेत: तिळांच्या थरांमध्ये फुलं पसरायची, रोज बदलायची आणि मग ते तीळ घाण्याला लावायचे. उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तरवाले देग-भपक्यात (तांब्याचा हंडा आणि त्याला जोडलेलं वाफ गोळा करायचं भांडं) फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, तेव्हा कुठे मोगऱ्याचं अत्तर होतं. बाजारात ‘मोगरा’ म्हणून मिळणारं मेणबत्तीचं सुगंधी तेल स्वस्त असतं ते कृत्रिम असल्यामुळे. वापरायला हरकत नाही, मेणाच्या सहा टक्के पुरे, म्हणजे 200 ग्रॅमला 12 ग्रॅम. मेण आचेवरून उतरवून, जरा निवलं की घालायचं आणि दोन मिनिटं हलक्या हाताने ढवळायचं. सोया असेल तर आठ-दहा दिवस मुरू द्या.

पण गॅलरीत खरा मोगरा असताना मेणबत्तीतून त्याची नक्कल का आणायची, हे मला समजत नाही. चैत्रात मी बिनवासाची मेणबत्ती करते. दुपारी चारच्या सुमारास पांढऱ्या झालेल्या, टपोऱ्या पण मिटलेल्या कळ्या खुडायच्या. हिरवट कळी उमलत नाही, तिला हात लावू नका. काशाच्या किंवा चिनी मातीच्या पसरट वाटीत बोटभर पाणी घालून त्या तरंगत सोडायच्या. सात-साडेसातला पहिली पाकळी सुटते, जेवणं होईपर्यंत वाटी भरून जाते. शेजारी, वीतभर अंतरावर ज्योत. वासाची जबाबदारी फुलावर, उजेडाची मेणावर. कृत्रिम वासाची मेणबत्ती त्याच टेबलावर लावून पाहा: दहा मिनिटांत खरी वाटी नाकाला लागेनाशी होते.

मेणातच वास हवा असेल तर वाळ्याचं किंवा गवती चहाचं तेल घ्या. वाळा जड असतो, मेणात टिकतो, आणि उन्हाळ्यात त्याचा वास कोणाला खुपत नाही.

नर्सरीतल्या छोट्या मातीच्या कुंड्यांमध्ये मेणबत्ती ओतता येते का?

येते, आणि दिसतेही छान. अडीच-तीन इंची कोरी कुंडी घ्या, आधी माती भरलेली नको. तळाचं भोक प्लॅस्टर ऑफ पॅरिसने बुजवा आणि दोन दिवस पूर्ण वाळू द्या. माती मेण पिते, म्हणून आतून पाण्यात न विरघळणाऱ्या सीलरचे दोन हात लावा, नाहीतर टेबलावर तेलकट गोल उमटतो. करवंटीही चालते, फक्त वात अगदी मध्यावर हवी, कारण करवंटी स्वतःच जळणारी वस्तू आहे. पातळ काचेचे सरबताचे पेले वापरू नका, तडकतात. बोटभर मेण उरलं की कोणत्याही भांड्यातली मेणबत्ती विझवून बाजूला काढा.

वात धरलेल्या जागी खड्डा पडतो.

पॅराफिन गार होताना आकसतं. थोडं मेण राखून ठेवा, वर साय धरली की वातीभोवती काडीने दोन भोकं पाडून पुन्हा ओता. सोयावर दहिवरासारखा पांढरट थर उठतो त्याला इलाज शोधू नका, जळण्यात काही फरक पडत नाही.

रंगासाठी हळद किंवा खायचा रंग?

दोन्ही नाही. हळद तळाशी बसते आणि वातीत अडकते, खायचा रंग पाण्यात विरघळणारा म्हणून मेणात ठिपके होऊन राहतो. मुलांचे क्रेयॉनही वात गुदमरवतात. मेणाचा रंग वेगळा मिळतो, चिमूटभर पुरतो.

सिट्रोनेलाच्या (गवती चहासारख्या एका गवताच्या तेलाच्या) मेणबत्तीने डास जातात?

उघड्या गॅलरीत फारसे नाहीत. टेबलफॅन लावा, डासाला वाऱ्यात नीट उडता येत नाही. गवती चहाची कुंडी नुसती ठेवूनही डास पळत नाहीत, चहा मात्र चांगला होतो.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घरच्या मेणबत्त्या दिल्या तर चालेल का?

का नाही? गौरीपुढे समई-निरांजनच राहू द्या, सासूबाईंशी त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण भिजवलेले हरभरे, कैरीची डाळ, पन्हं आणि मोगऱ्याचा गजरा यांच्यासोबत छोट्या कुंडीतली एक मेणबत्ती बायकांना आवडते. देताना आधी एक स्वतः पूर्ण जाळून पाहिलेली असावी, आणि ‘पडद्याजवळ, देव्हाऱ्याच्या लाकडाखाली लावू नका’ एवढं तोंडी सांगावं.

उरलेलं मेण सिंकमध्ये ओतू का? कंपोस्टमध्ये टाकू का?

सिंकमध्ये कधीच नाही, पाइपमध्ये घट्ट होऊन प्लंबर बोलवावा लागतो. पॅराफिन कंपोस्टमध्येही नको. दिवाळीपासूनचे तुकडे डब्यात साठवा, पुन्हा वितळवून जुन्या सुती कापडातून गाळा. भांडी गरम असतानाच कागदाने पुसायची, पाणी नंतर. कपड्यावर सांडलं तर बर्फाने कडक करून खरवडा, मग खाकी कागद ठेवून इस्त्री फिरवा.

मधमाशांच्या मेणाचे तुकडे मात्र बागेत उपयोगी पडतात. गुलाबाची जाड फांदी छाटली की त्या कापावर कोमट मेणाचं बोट फिरवा, कडक गरम नको.

मे महिन्यात दहा दिवस गावाला जाणार आहोत. झाडांचं काय करू?

सगळ्या कुंड्या भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, फुलं-कळ्या खुडून टाका, आच्छादन दुप्पट करा. मोगऱ्यासारख्या दोन-तीन लाडक्या कुंड्यांसाठी बादली थोडी उंचावर ठेवून तिच्यातून जाड सुती दोरी मातीत चार इंच खोल पुरा. दोरी आधी पूर्ण भिजवून घ्यायची, नाहीतर पाणी चढतच नाही. जाण्याच्या चार दिवस आधी ही सोय लावून पाहा, बादली किती वेगाने रिकामी होते ते कळतं. आणि तयार मेणबत्त्या उभ्या नको, आडव्या करून कागदात गुंडाळून कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात. बंद घरात, खिडकीशी ठेवलेली सोयाची मेणबत्ती परत येईपर्यंत चटईला चिकटलेली असते.